मासे नंतर, आधी नळकाम

खाऱ्या पाण्याची टाकी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाऊनफिश येतो. माझ्या डोळ्यांपुढे एल्बो येतो. पाइप वळवणारा तुकडा, पीव्हीसीचा, नव्वद अंशांचा, आणि नको त्या दिशेला तोंड करून कायमचा चिकटलेला. मासे, प्रवाळ वगैरे मंडळी यायची तेव्हा येतात. त्याआधी आपण कपाटात डोकं घालून, दातांत टॉर्च धरून, पोटावर पडून नळकाम करत असतो. याला मत्स्यपालन म्हणतात.

मांडणी सांगायला सोपी. वर शोभेची टाकी, खाली कपाटात संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. टाकीच्या एका बाजूला दातेरी काठाचा ओव्हरफ्लोचा कप्पा. टाकी भरली की पाणी त्या दात्यांवरून कप्प्यात पडतं, पाइपातून संपमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं, स्किमरमधून, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्रातून, फेसाळून निघतं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते परत वर ढकलतो. खाली यायला पाण्याला कोणाची परवानगी लागत नाही, वर जायला वीज लागते. पुढची सगळी भानगड एवढ्यावरूनच होते.

पहिला गंडा खरेदीतच बसतो. एक इंची पाइप आणि 32 मिलिमीटरचा पाइप हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. इंची पाइपाचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात 33.4 मिलिमीटर असतो, कारण ‘एक इंच’ हे मापापेक्षा नावच जास्त आहे. फरक 1.4 मिलिमीटरचा. एका जातीचा पाइप दुसऱ्या जातीच्या फिटिंगात एक तर जातच नाही, नाही तर हलत राहतो, आणि ‘सोल्युशन (पाइप चिकटवायचं सिमेंट) जरा जास्त लावू’ हा विचार तिथेच सुचतो. तो तिथेच मारावा. एक जात धरा आणि शेवटपर्यंत तिचेच भाग घ्या.

खाली येणाऱ्या पाइपांचे तीन पंथ आहेत. ड्यूर्सो पंथात पाइप एकच. तो पाण्याबरोबर हवाही गिळतो आणि रात्रभर ढेकर देतो. हर्बी पंथात दोन: एक सायफनने, म्हणजे हवा न घेता काठोकाठ भरून, चालणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह, आणि दुसरा थोडा उंच तोंडाचा, कोरडा, अडीअडचणीसाठी. बीनॲनिमलमध्ये तीन: भरलेला सायफन, थोडं पाणी नेणारा उघडा पाइप आणि कोरडा राखीव. मला विचाराल तर जागा असेल तर तीन, नसेल तर दोन. एका पाइपावर विसंबणाऱ्या माणसाचा गोगलगायींवर फारच विश्वास असतो. सगळा पाइप सोडून त्यांना नेमकं तिथेच, तोंडात बसायचं असतं.

सायफनवर बॉल व्हॉल्व्ह लावू नका. तो चालू-बंद करायला चांगला, पण केसभर कमी-जास्त करायचं असेल तर गेट व्हॉल्व्हच हवा. आणि तो फिरवण्याची पद्धत अशी: किंचित हलवायचा आणि दहा मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं. कप्प्यातली पातळी स्थिरावू द्यायची, मग पुन्हा किंचित. हे ज्याला जमतं त्याची टाकी मुकी चालते. बाकीचे रात्री अकरापर्यंत व्हॉल्व्हशी झटत बसतात आणि प्रत्येक वेळी ‘आत्ता तर बरोबर होतं’ म्हणतात. सायफनच्या पाइपाचं खालचं तोंडही संपच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावं. जास्त खोल गेलं तर पाइपातली हवा बाहेर पडू शकत नाही आणि सायफन धरायला तयार होत नाही.

काचेला भोकं पाडण्याबद्दल थोडक्यात. टेंपर्ड काच असेल तर ड्रिल लांब ठेवा. एका क्षणात तिचे वाटाण्याएवढे तुकडे होतात. साधी काच असेल तर डायमंड होल-सॉ, कमी वेग, सतत पाण्याची धार, मागच्या बाजूला चिकटपट्टी, आणि काठापासून निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर. भोकाचा आकार पुस्तकी मापावरून ठरवू नये. बल्कहेड आधी हातात घ्यावं, मोजावं, मग होल-सॉ आणावा.

बल्कहेड म्हणजे काचेच्या भोकात बसणारं, नळवाल्यांचं टँक कनेक्टर. याच्या रबरी वॉशरला एकच जागा: पाण्याच्या बाजूला, कॉलर आणि काच यांच्या मध्ये. नट बाहेरून. ‘दोन्हीकडे वॉशर लावला तर दुप्पट सुरक्षित’ हे गणित इथे चालत नाही. नटाखालचा वॉशर आवळताना मुरगळतो आणि नट नीट बसतच नाही. वॉशरला सिलिकॉनही फासू नये. त्याने रबर घसरतं आणि उद्या बदलायचं म्हटलं तर खरवडत बसावं लागतं. हाताने आवळा, वर पाव फेरा द्या, थांबा. आणि हो, बऱ्याच बल्कहेडांच्या नटाचे आटे उलटे असतात. आपण सुलट्या दिशेने जीव खाऊन आवळतो, नट सैल होत जातो, आणि आपल्याला वाटतं अजून थोडा जोर हवा.

आता खरा प्रसंग, चिकटवण्याचा. पीव्हीसीचं सॉल्व्हंट सिमेंट हा गोंद नव्हे. ते पाइप आणि फिटिंग दोघांचे पृष्ठभाग विरघळवतं आणि दोघांना एक करून टाकतं. त्यामुळे पश्चात्तापाची सोय नाही. पाइप काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची कूस सँडपेपरने काढायची, प्राइमर लावायचा, दोन्हीकडे सिमेंटचा सारखा हात फिरवायचा, पाइप आत दाबत पाव फेरा फिरवायचा आणि तीसेक सेकंद घट्ट धरून ठेवायचं. हे धरून ठेवणं लोक टाळतात. फिटिंगचा सॉकेट आत किंचित निमुळता असतो. सोडलं की पाइप हळूच मागे सरकतो, साळसूदपणे.

चिकटवण्याआधी सगळं कोरडं जोडून बघावं, असं प्रत्येक जाणकार सांगतो. ते खरंच करावं. फक्त तो जाणकार एक गोष्ट सांगत नाही: कोरडा पाइप सॉकेटमध्ये पूर्ण जातच नाही. तळ यायच्या बऱ्याच आधी तो अडतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. सिमेंट लागलं की मात्र लोण्यात सुरी जावी तसा तळापर्यंत जातो. म्हणजे कोरड्या जोडणीवर घेतलेलं माप प्रत्येक सांध्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोटं. चार सांधे असले की शेवटचा पाइप संपच्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, वरच्या वर लोंबकळतो. म्हणून सॉकेटची खोली आधी मोजायची, पाइपावर पेनाने खूण करायची, आणि एल्बोच्या अंगावरून पाइपावर येणारी एक सरळ रेघ मारून दिशाही पक्की करायची. चिकटवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. नाही तर सुरुवातीला सांगितलेला एल्बो.

युनियनबद्दल बोललंच पाहिजे. युनियन म्हणजे उद्या पाइप सोडवता यावा म्हणून मध्ये बसवलेला तीन तुकड्यांचा सांधा. बल्कहेडच्या लगेच खाली एक आणि पंपाजवळ एक हवाच. त्याचा मोठा नट पाइपात आधी ओवायचा असतो, मग टोक चिकटवायचं असतं. आपण टोक चिकटवतो, समाधानाने बाजूला ठेवतो, आणि नट टेबलावर शांतपणे आपल्याकडे बघत असतो. त्याला आता दुसऱ्या टोकानेही ओवता येत नाही, कारण तिथे मघाशीच एल्बो बसलाय. इथे करवत लागते. म्हणून सगळे भाग मोजून जास्तीचे दोन-तीन आणावेत. जास्तीचे भाग आणायला लाज वाटत असेल, तर दुसऱ्यांदा दुकानात जाताना जास्त वाटते.

आट्यांच्या सांध्यांना सिमेंट नाही, टेफ्लॉन टेप. तीन-चार वेढे, आवळण्याच्या दिशेने. उलटे दिले तर आवळताना टेप सुटून बाहेर येते. पाना मात्र जपून. प्लास्टिकचा बाहेरचा सांधा जास्त आवळला तर लगेच फुटत नाही. तो चार दिवस विचार करतो आणि मग तडकतो. पितळी व्हॉल्व्ह आणि तांब्याचे भाग कितीही भक्कम दिसले तरी कपाटाबाहेर. तांबं कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ यांना विष आहे. स्टीलची क्लिप खाऱ्या पाण्यात गंजते, ती प्लास्टिकचीच घ्यावी.

सांधे झाले की चोवीस तास पाणी लावायचं नाही. हे तास कागद-पेन्सिलीसाठी आहेत. वीज गेली की तोंडचं पाणी पळतं आणि टाकीचं संपमध्ये येतं. किती येतं ते आत्ताच काढा. टाकी 120 बाय 45 सेंटिमीटरची असेल तर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 5.4 लिटर. रिटर्नच्या, म्हणजे पंपाकडून वर येणाऱ्या पाइपाचं तोंड पातळीच्या चार सेंटिमीटर खाली असलं तर पंप बंद पडताच तोच पाइप उलटा सायफन होऊन 21.6 लिटर खाली ओढतो. त्यात ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं चारेक लिटर आणि पाइपांतलं दोनेक लिटर धरा. झाले 28. संप 80 बाय 40 चा, म्हणजे सेंटिमीटरला 3.2 लिटर. पंप चालू असताना संपमध्ये वरून नऊ सेंटिमीटर जागा रिकामी नसेल, तर ते पाणी जमिनीवर जागा शोधतं.

उपाय दोन. रिटर्नचं तोंड पातळीच्या जवळ आणा, किंवा पाइपाला पातळीच्या जेमतेम खाली चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तिथून हवा शिरून सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा दर आठवड्याला त्यात काडी घालावी. तिसरा उपाय चेक व्हॉल्व्ह, पाण्याला उलटं येऊ न देणारा. त्यात वाळूचा एक कण अडकला की तो आपलं काम विसरतो, म्हणून त्याला मोजणीत धरू नये.

उलटा हिशेबही करायचा. खाली येणारे पाइप तुंबले तर पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर नेतो. तो कप्पा 25 बाय 40 चा आणि पाणी 20 सेंटिमीटर उंच असेल तर 20 लिटर, म्हणजे वरच्या टाकीत 3.7 सेंटिमीटरची चढ. वर काठाला तीनच सेंटिमीटर मोकळे असतील तर उत्तर तुम्हीच काढा.

आता चाचणी. पाणी साधं, नळाचं. तीनशे लिटर पाण्याला लिटरमागे 35 ग्रॅमने साडेदहा किलो मीठ लागतं, आणि ते गळतीच्या हवाली करायचं कारण नाही. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, त्यावर पेनाने नंबर घाला, खाली पुठ्ठा अंथरा. वायरी प्लगपर्यंत सरळ नेऊ नका, प्लगच्या खाली त्यांना झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल. मग हळूहळू भरा, आणि बल्कहेडच्या पातळीवर पाणी आलं की थांबून बघा.

पंप चालू केला की प्रवाह मोजा. खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. वर चढताना आणि एल्बोंतून वळताना तो उतरत जातो. रिटर्नची धार 20 लिटरच्या बादलीत धरा. 48 सेकंदांत भरली तर तासाला 1500 लिटर. जमेल तिथे नव्वदच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन घातले असतील तर इथे त्याचं फळ दिसतं.

मग स्वतःच्या हाताने वीज घालवा. स्विच बंद करा आणि संपकडे बघत बसा. पातळी चढते, चढते, आणि आपलं गणित बरोबर असेल तर थांबते. पुन्हा चालू करा, सायफन आपोआप धरतो का पाहा. हे पाच-सहा वेळा. त्यानंतर सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून राखीव पाइप एकटा सगळं पाणी पेलतो का पाहा. शेवटी सगळे पाइप बुजवून पंप कोरडा पडायच्या आत वरचा काठ बघा. घरातल्या मंडळींना हा प्रकार मुद्दाम पूर आणण्यासारखा वाटतो. तो तसाच आहे. फक्त आपण शेजारी बादली घेऊन उभे आहोत.

चोवीस तास चालू द्या आणि टिश्यू तपासा. ओला टिश्यू म्हणजे तोच सांधा दोषी असं धरू नका. पाणी वरून पाइपाच्या अंगाने ओघळत येतं आणि पहिल्या वळणावर टपकतं. पाणी मुरतंय कुठे हे बघायचं तर वरून खाली यावं, खालून वर नाही. एका सांध्यावर दर तासाला एक थेंब असला तरी हे साधं पाणी सुकून जातं आणि काही मागे ठेवत नाही. खारं पाणी सुकताना पांढरा चुरा ठेवतं, तेव्हा मीठ घातल्यावर पहिले काही दिवस हेच सांधे पुन्हा पाहायचे. गळणारा सांधा बाहेरून सिलिकॉन फासून बंद होत नाही. तो कापायचा.

अकरा नंबरचा टिश्यू ओला निघतो. आपण खाली वाकतो, टॉर्च मारतो, वरचा दहा नंबर चाचपतो. तो कोरडा. नऊ कोरडा. आठही कोरडा. मग लक्षात येतं की अकरा नंबर पाहण्याआधी आपण बादलीत हात घातला होता. टिश्यू बदलायचा, हात पुसायचे आणि पुन्हा चोवीस तास.