पाऊण इंची पाइपचं वल्हं

मला पोहता येत नाही. लोकल ठाण्याच्या खाडीवरून जायला लागली की दारात उभा असलो तरी मी गुपचूप आत सरकतो. चौपाटीवर पाणी घोट्याच्या वर चढलं की मला घर आठवतं. असा मी हल्ली रात्रीची जेवणं उरकली की अंटार्क्टिकात होडी वल्हवतो. अंगात बनियन आणि बर्म्युडा, पायात काही नाही, दोन्ही बाजूंना हिमनग आणि त्यांवर पेंग्विन. डोंबिवलीच्या हॉलमध्ये हे सगळं बाहेरून कसं दिसतं तेही मला माहीत आहे, कारण बायकोने त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकलाय.

खेळाचं नाव 'कयाक व्हीआर: मिराज'. कयाक म्हणजे बसून वल्हवायची चिंचोळी होडी, आणि व्हीआर म्हणजे हेडसेट नावाचा खोका डोळ्यांवर चढवला की आपण तिथेच आहोत असं वाटायला लावणारी करामत. नेदरलँड्समधल्या 'बेटर दॅन लाइफ' या स्टुडिओने हा खेळ २०२२ साली कॉम्प्युटरसाठी काढला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सोनीचा 'प्लेस्टेशन व्हीआर २' हा हेडसेट बाजारात आला, तेव्हा त्याच्यासोबत तो प्लेस्टेशनवरही आला. यात कोणी कोणाला गोळ्या घालत नाही, झॉम्बी अंगावर येत नाहीत. कोस्टारिका, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यातलं एक ठिकाण निवडायचं आणि वल्हवायचं. वाटलं तर शर्यत लावायची, नाहीतर नुसतं भटकायचं. "निदान मारामारी तरी नाही," असं म्हणून बायकोने सुरुवातीला परवानगी दिली होती. हॉलमधल्या टीपॉयशी, कुंडीशी आणि धाकट्याच्या सायकलशी होणार असलेल्या मारामारीची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

खेळात दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर धरायचा आणि मधे काठी आहे असं मानायचं. उजवीकडे पाणी मागे ओढलं की नाक डावीकडे वळतं. पातं लांबून, मोठा अर्धगोल काढत फिरवलं की जास्त वळतं. उलटं मारलं की ब्रेक लागतो. आणि हात थांबवले तरी होडी थांबत नाही, आपल्या मर्जीने सरकत राहते. या शेवटच्या गुणामुळे मी एका हिमनगाला इतका जवळून भेटलोय की त्याच्या निळ्या भेगा तोंडपाठ आहेत.

पहिला हेडसेट सेकंडहँड होता, २०१६ सालचा एचटीसी वाइव्ह. त्याच्यासोबत दोन चौकोनी डबे येतात. ते खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, डोक्याच्या वर, थोडे खाली झुकवून लावायचे. त्यांतून डोळ्यांना न दिसणारे किरण खोलीभर फिरतात आणि त्यावरून आपलं डोकं नि हात कुठे आहेत ते यंत्राला कळतं. एक डबा पडद्याच्या रॉडजवळ बसला. दुसऱ्या कोपऱ्यात देवघर. बराच खल होऊन डबा देवघराच्या वर, पण देवांच्या थेट डोक्यावर येणार नाही असा लागला. आता संध्याकाळी आई दिवा लावते तेव्हा वरून हिरवा दिवाही लागलेला असतो. पाहुण्यांना तो सीसीटीव्ही वाटतो.

हे किरण आरशावरून परततात. आमच्या हॉलमध्ये लोखंडी कपाट आहे आणि त्याला माणसाएवढा आरसा आहे. परिणामी कोस्टारिकात माझा डावा हात मधेच सुटून झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसायचा. उपाय सोपा, आरशावर चादर टाकायची. मी ती टाकत असताना आई आतून आली, खिडकीतून आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "विजा चमकतायत का रे?" लहानपणापासून आमच्याकडे विजा कडाडल्या की आरसे झाकतात. मी "नाही, नॉर्वेला चाललोय" म्हटलं. तिने चादरीचं दुसरं टोक धरून दिलं आणि काही विचारलं नाही. आयांना फार माहिती नको असते.

वाइव्हमध्ये एका डोळ्याला १०८० गुणिले १२०० ठिपके मिळतात. आकडा ऐकायला मोठा, पण पडदा डोळ्याला चिकटलेला असल्यामुळे ठिपक्यांमधल्या फटी दिसतात आणि सगळं जग मच्छरदाणीतून बघितल्यासारखं वाटतं. मला ते आवडायचं. पाणी खोटं आहे हे पोटाला पक्कं माहीत असायचं, त्यामुळे रात्रीचं जेवण जिथल्या तिथे राहायचं. पुढे हे सुख गेलं.

दोन हातांच्या मधे खरी काठी नसली की हात भरकटतात. डावा कुठे, उजवा कुठे, आणि वल्हं मधेच रबराचं असल्यासारखं वागतं. म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाऊण इंची पीव्हीसी पाइप मागितला.

"गरम पाण्याला की थंड?" दुकानदार.

"फार थंड," मी म्हणालो.

"मग साधा चालेल. किती देऊ?"

इथे पेच होता. कयाकचं खरं वल्हं सव्वादोन मीटरच्या आसपास असतं. तेवढं हॉलमध्ये फिरवायचं तर आधी टीव्ही विकावा लागला असता. अडीच फुटांवर तडजोड झाली. दुकानदाराने पाइप कापता कापता "एल्बो, टी, सोल्यूशन?" विचारलं. मी नको म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. अडीच फूट पाइप, ना एल्बो ना सोल्यूशन, हे गिऱ्हाईक प्लंबिंगचं नाही हे त्याने ओळखलं असावं. घरी आल्यावर पाइपच्या दोन टोकांना काळ्या टेपने कंट्रोलर बांधले. वल्हं फर्मास झालं. पहिल्याच फटक्यात टीपॉयवरचा चहा नॉर्वेच्या समुद्राला मिळाला.

मग मेहुणा न्यू जर्सीहून आला आणि बॅगेतून चॉकलेटं, बदाम आणि क्वेस्ट २ नावाचा दुसरा हेडसेट घेऊन आला. हा बिनवायरचा, डबेही लागत नाहीत. त्याच्या तोंडावरच कॅमेरे आहेत, ते खोली बघतात आणि आपण कुठे आहोत ते ठरवतात. आईला आनंद झाला, कारण आरसा उघडा राहिला. मला झाला, कारण वायर पायात गुंडाळेना. दोन भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन खटक्यांवर बसतं. घरात चार माणसं आणि खटके तीन, त्यामुळे मी बसलो की आधीच्या माणसाचे डोळे मला लागलेले असायचे. फोमला खोबरेल तेलाचा वास येऊ लागला तो वेगळाच. रविवारी डोक्याला तेल चोपडून धाकटा ऑस्ट्रेलियाला जाऊन यायचा आणि नंतर भिंगांवर जे धुकं दिसायचं ते त्या खंडावरचं नव्हतं.

पण या हेडसेटवर खेळ थेट चालत नाही. तो चालतो कॉम्प्युटरवर, आणि चित्र वायफायने हेडसेटकडे येतं. येताना ते दाबून, घडी घालून पाठवलं जातं. भिंत, डोंगर, आकाश या गोष्टींची घडी छान बसते. पाण्याची बसत नाही. पाण्याचा प्रत्येक चकाकता ठिपका दर क्षणाला बदलतो, आणि नेमकी ही घडी घालताना यंत्राची दमछाक होते. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तिचेच चौकोनी तुकडे पडतात. शेजारच्या घरात क्रिकेट लागलं, वायफायच्या लहरींची गर्दी झाली, की माझ्या समुद्राच्या फरशा व्हायच्या. त्यातून कॅमेऱ्यांना बघायला उजेड लागतो. एकदा ऐन शर्यतीत वीज गेली. वायफाय गेलं, खेळ गेला आणि मी अंधारात, डोक्यावर अर्धा किलोचा खोका घेऊन, पाइप उगारून बसलेलो. मेणबत्ती घेऊन आलेली बायको दारातच थांबली. "अरे, आधी तो पाइप खाली ठेव," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता.

यानंतर ऑफिसातल्या मित्राने लग्नासाठी गावी जाताना त्याचा प्लेस्टेशन आणि व्हीआर २ माझ्याकडे ठेवला. माझ्या विनोदी दुःखांचा काळ इथे संपला आणि खरा त्रास सुरू झाला. याचा पडदा ओएलईडी, एका डोळ्याला २००० गुणिले २०४० ठिपके. काळं म्हणजे खरंच काळं, कारण तिथले ठिपके विझतात. रात्रीच्या खाडीत शिरलो तेव्हा आजूबाजूला अंधार होता, करडा पडदा नव्हता. पाण्यात हात घालायचा मोह झाला आणि घातलाही, तो सोफ्याच्या फटीत. तिथे रिमोट सापडला, हे जाता जाता.

आणि मग पोटात ढवळलं. डोळे सांगतात आपण लाटेवर वरखाली होतोय, वळतोय. कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या नळ्या सांगतात, छे, हा तर खुर्चीवर बसलाय. दोघांचं जमत नाही आणि भांडणाचं बिल पोटावर फाटतं. सरळ वल्हवताना चालून जातं, पण गर्रकन वळलं की संपलं. मच्छरदाणीच्या काळात डोळ्यांची बाजू लंगडी होती म्हणून कान जिंकायचे. आता डोळ्यांनी सज्जड पुरावा आणला होता. माझं म्हणणं एवढंच की कंपन्यांनी पाणी इतकं सुधारण्याआधी आमच्या पोटाचं मत घ्यायला हवं होतं.

मी आलेपाक चघळला. नजर क्षितिजावर ठेवली. समोर टेबलफॅन लावला, आणि तो खरंच कामाला आला. वारा तोंडावर येतोय तोवर तोंड टीव्हीकडे आहे हे अंगाला कळतं आणि डोकं ताळ्यावर राहतं. शिवाय अंटार्क्टिकाचा गारवा फुकट. फक्त स्वयंपाकघरात फोडणी पडली की तोच वारा हिमनगांवरून लसणीचा वास घेऊन यायचा, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की पेंग्विन सोडून मला गॅस बंद करायला धावावं लागायचं.

याच सुमारास सासरे राहायला आले. मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. नोकरी मुंबईत झाली, पण लहानपण कर्ली नदीच्या मुखाशी, होडीत गेलेलं. माझा आलेपाक, पंखा, चेहऱ्याचा रंग बघून त्यांनी एक दिवस स्वतःच हात पुढे केला. खुर्ची नको म्हणाले. पाट मागवला, भिंतीला टेकून पाय लांब सोडले, म्हणजे कयाकमध्ये बसतात तसेच, आणि हेडसेट चढवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डावीकडे वाकून बघितलं, उजवीकडे वाकून बघितलं.

"गो," त्यांनी लेकीला हाक मारली, "हिची उलांडी खंय आसा?"

होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडवं लाकूड बांधतात ती उलांडी कयाकला नसते, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती आहेत, याचा अर्थ मागे बसायचा गडी पैसे वाचवायला काढून टाकलाय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. "पाण्याक वास नाय," हा दुसरा शेरा. मग निघाले. खांदे जवळजवळ हललेच नाहीत. कमरेतून जेमतेम वळायचे, पातं पाण्याला लागायचं आणि होडी अशी जायची की माझा शर्यतीतला वेळ मी ताबडतोब स्क्रीनवरून पुसला. "खांद्यान नाय, कमरेन," ते मला ऐकू जाईल अशा बेताने हवेत म्हणाले. कयाक शिकवणारे सगळे हेच शिकवतात, हे मी नंतर वाचलं.

त्यांना मळमळलं नाही. वादळी हवा निवडायची सोय आहे, ती त्यांनी मुद्दाम लावायला सांगितली. लाटा उठल्या तसे त्यांचे लांब सोडलेले पाय जरा सैल झाले, एवढंच. मी नुसता टीव्हीवर त्यांचं चित्र बघत होतो आणि मला बाथरूमकडे जावं लागलं.

मित्र लग्नाहून परत आलाय, पण हेडसेट अजून आमच्याकडेच आहे, कारण सासऱ्यांना नॉर्वेची ती खाडी पुरी करायची आहे. दुपारी चहा झाला की पाट, पंखा आणि माझा अडीच फुटी पाइप घेऊन ते बसतात. बायको कौतुकाने त्यांच्यापुढे कांदाभजी ठेवते. टीपॉय आपणहून बाजूला सरकवते. काल मी जरा धीर करून विचारलं, माझा नंबर कधी?

त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. हेडसेट काढला नाही.

"जावयबापू," म्हणाले, "भरती येंवदे आधी."