तीस पेन्सचं जेवण आणि आमच्या काकांचा हिशोब

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अधूनमधून तोच विषय निघतो, पोळ्या विकत आणायच्या की घरी करायच्या. कोथरूडच्या मावशी म्हणतात आजकालच्या मुलींना साधी कणीक मळता येत नाही, मग वहिनी म्हणते रात्री नऊला ऑफिसातून येऊन लाटून दाखवा, मग काका हिशोब मांडतात की घरची पोळी किती स्वस्त पडते आणि पोळीभाजी केंद्रवाले कसे लुटतात. काकांनी आयुष्यात कधी कुकर लावलेला नाही हे सगळ्यांना माहितीये पण बोलत कोणीच नाही.

मी हे इंग्लंडमधे लेस्टरला बसून वाचतो आणि मजा वाटते, कारण हाच वाद इथे थेट पार्लमेंटमधे झालाय. मे २०२२ मधे ली अँडरसन नावाचे हुजूर पक्षाचे खासदार म्हणाले की फूडबँकांची, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रांची, एवढी काही गरज नाहीये, लोकांना नीट स्वयंपाक येत नाही आणि पैसे पुरवून वापरता येत नाहीत, दिवसाला ३० पेन्समधे (शंभर पेन्सचा एक पौंड) जेवण होऊ शकतं. झालं, लोकांनी त्यांचं नावच थर्टी-पी ली, म्हणजे तीस पेन्सवाला ली, पाडलं.

आता खरं सांगायचं तर स्वयंपाक येत असला की पैसे वाचतात हे मी नाकारणार नाही, आमचं घर त्यावरच चाललं. एक पगार, दोन मुलं, आणि व्हिसावर शिक्का की सरकारी मदत मिळणार नाही. त्यात मार्च २०२३ ला इथल्या खाण्यापिण्याच्या किमती वर्षभरात १९ टक्क्यांनी वाढल्या होत्या, ४५ वर्षांत असं झालं नव्हतं म्हणे. तेव्हा बाहेरून मागवणं बंद झालं आणि मी ओट्याशी उभा राहिलो. आधी शिकलो मसुराची आमटी, कारण मसूर भिजवायला नको, पटकन शिजते आणि इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. मोहरी, हिंग, हळद, चिंच, गूळ, आणि गोडा मसाला पुण्याहून आलेला. इथल्या भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवरून कणकेची दहा किलोची पिशवी. आमच्या शेगडीला ज्वाला नाही, नुसती काच तापते, त्यामुळे फुलका विस्तवावर टाकायची सोय नाही, तव्यावरच फडक्याने कडा दाबत फुगवायचा, आणि फडकं जरा जास्त वेळ ठेवलं की स्मोक अलार्म.

पण पैसे वाचतात ते या रेसिपीमुळे नाही, दुसऱ्या दिवशी वाचतात. उरलेली आमटी पातळ करून उकळायची आणि त्यात कणकेचे तुकडे सोडायचे, झाल्या चकोल्या. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा. हे सगळं जमतं कारण डबे भरलेले आहेत. ज्याच्या घरात तेल नाही, मीठ नाही, एक धड पातेलं नाही, त्याला पहिली आमटी ३० पेन्सला पडतच नाही, आधी पंधरा-वीस पौंडांचं सामान आणावं लागतं. शिवाय वीज. २०२२ मधेच आइसलँड सुपरमार्केटचे प्रमुख रिचर्ड वॉकर रेडिओवर म्हणाले होते की फूडबँकेत येणारे काही लोक बटाटे नको म्हणतात, उकडायचा खर्च परवडत नाही म्हणून. आपल्याला ऐकून विचित्र वाटतं कारण आपण बटाटे कुकरला लावतो. इथे बहुतेक घरात कुकरच नसतो.

आणि वेळ. त्याचं तर ना अँडरसन साहेब बोलले ना आमचे काका. भारत सरकारच्याच २०१९ च्या पाहणीत स्वतःच्या घरचं काम बिनपगारी करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, आणि जे पुरुष असं घरकाम करतात त्यांची ९७. काकांच्या हिशोबात पीठ आहे, तेल आहे, गॅस आहे, लाटणारीचा तास शून्य रुपये. केंद्रातल्या पोळीत तो तास धरलेला असतो म्हणून ती महाग वाटते, आणि तीही लाटतात बायकाच. माझं मत विचाराल तर पोळ्या खुशाल विकत आणा. त्याने घर बुडत नाही. भारतातल्या २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरी लोकांचा पेयं आणि प्रक्रिया केलेल्या खाण्यावरचा खर्च भाजीपाल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालाय, बोलायचंच तर त्यावर बोला की.

इंग्लंडने २०१४ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्वयंपाक घातलाय, मुलगे मुली दोघांना, हे मला मनापासून आवडतं. आपल्याकडे पण हवं. फक्त लेकाच्या वर्गात बनतं काय, तर पिझ्झा, नाहीतर स्कोन नावाचा गोडसर पाव, आणि सामान घरून न्यायचं. ज्या घरात आधीच ओढाताण आहे तिथे चीज कुठून आणणार? त्यापेक्षा आमटी-भात शिकवा, किंवा त्यांचं ते बीन स्ट्यू.

आणि फूडबँकवाल्यांनी पास्त्याच्या पाकिटासोबत एक कुकर आणि तेलाची बाटली द्यावी, निदान वापरून परत करायला तरी. इथले लोक शिट्टीला दचकतात, आमच्या शेजारच्या आजी पहिल्यांदा दार ठोठवत आल्या होत्या. आता त्याच विचारतात चणे किती शिट्ट्यांत होतात.