हात न लावता कसली नर्सिंग?

देवगडजवळच्या आमच्या गावात सध्या एक वाद पेटलाय. उपकेंद्रातल्या नर्सने आधी फोनवर चौकशी करावी आणि गरज असेल त्यालाच बोलवावं, असं ग्रामसभेत कुणीतरी सुचवलं. त्यावर माझ्या चुलत दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "हात न लावता कसली नर्सिंग? ते कॉल सेंटर झालं." खाली सतरा अंगठे. मी नऊ वर्षं इंग्लंडात, लीड्समध्ये हेच फोनवरच्या नर्सिंगचं काम करतेय. ते वाक्य तीन दिवस घशात अडकलंय.

दादा, ऐक. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आम्ही केअर प्लॅनच्या वह्या भरल्या: असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. फोनवर यातली एकही पायरी गळत नाही. डोळे आणि हात तेवढे दुसऱ्याचे मागून घ्यावे लागतात.

परवा रात्री तीनला एका बापाचा फोन. दीड वर्षाची मुलगी, ताप, धाप. नुसत्या 'धाप' या शब्दावरून मला काहीच ठरवता येत नाही. म्हटलं, मोठा दिवा लावा, तिचा शर्ट वर करा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजून घेतले. अंगावर पुरळ होतं, त्यावर काचेचा ग्लास दाबायला लावला. दाबूनही डाग विरले नसते तर तिथेच ॲम्ब्युलन्स. विरले. मग फोन तिच्या तोंडाजवळ धरायला सांगितला आणि ऐकत राहिले. आजाराला नाव देणं माझं काम नाही. पोरीला श्वासाला किती कष्ट पडतायत, बाप घाबरलाय तरी सांगितलेलं त्याच्या डोक्यात शिरतंय का, हे मी ठरवते. शेवटी त्याच्याकडूनच वदवून घेतलं, काय दिसलं तर काय करायचं. तासाभराने मीच परत फोन केला. हात नाही लागला, दादा, पण नर्सिंग झाली.

आणि फोनवर काय करायचं नाही, हेही नर्सलाच कळावं लागतं. फुरसं चावलं तर प्रश्न विचारत बसायचं नाही, सरळ १०८.

इंग्लंडात नर्सनीच चालवलेली फोनसेवा १९९८ मध्ये सुरू झाली, तेव्हा आमच्या अख्ख्या वाडीत एकच फोन होता. आपल्याकडे २०१९ मध्ये ई-संजीवनी ही सरकारी ऑनलाइन सेवा आली, पण तीही डॉक्टरच्या सल्ल्यासाठी. नर्सलाही डोकं असतं, हे आपल्याकडे अजून कुणी धरतच नाही. दादाच्या वाक्यातलं मला हेच लागलं.

हेच लागलं, असं मी तीन दिवस स्वतःला सांगतेय. खरं दुसरंच आहे.

दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत आईला ताप आला. मी फोन केला तर म्हणाली, "बरी आसंय गो, तू जेवलंस काय?" मी म्हटलं, जेवले. पाय दुखतात म्हणाली. चिखलात वाकून वाकून दुखणारच, पॅरासिटामॉल घे म्हटलं आणि ड्युटीला गेले. पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झालेत का, लघवी कमी होते का, पायाला जखम आहे का, यातलं काही विचारलं नाही. लावणी, ताप, पोटऱ्या म्हटल्यावर सिंधुदुर्गातली कुठलीही आशाताई लेप्टोचं, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचं, नाव घेईल. परक्या बापाला मी तासाभराने फोन करते. आईला तीन दिवस केला नाही.

शेजारच्या काकीने तिचे पिवळे डोळे बघितले आणि रिक्षा बोलावली. अकरा दिवस आई दवाखान्यात होती. वाचली.

तेव्हा दादाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणून त्या वाक्यात मला माझंच नाव ऐकू येतं. पण काकी तेव्हाही पलीकडच्याच पडवीत होती. 'फोन काकीकडे दे' एवढं म्हणायचं होतं. हात न लावता आईचे डोळे मला दिसले असते.

आता दर रविवारी आधी काकी फोन धरते. मी विचारते, ती आईकडे बघून सांगते. मागून आई ओरडते, "माका इचार गो, मी हंयच आसंय!"