काका, खोली एकच होती, वर्षं नव्हती

काका, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. पहिलं उत्तर रागात लिहिलं आणि पुसलं. भावाशी नऊ वर्षं बोलणं नाही, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: 'एकाच दहा बाय बाराच्या खोलीत वाढलात. तू बँकेत लागलीस, तो बाटलीत बुडाला. मग लहानपणाचं निमित्त कशाला? चार दिवस कोंडून ठेवला असता तर सुटली असती. वर घरची धुणी चव्हाट्यावर.' तुम्ही परळचे, गिरण्यांचा संप पाहिलेले. म्हणून सविस्तर लिहिते.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा दादा बारा वर्षांचा होता, मी पाच. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणारे बाबा त्याने पाहिलेत. पगाराच्या दिवशी जिलबीचा पुडा आणणारे, गणपतीत त्याला खांद्यावर बसवून लालबागभर फिरवणारे. मला तो माणूस आठवतच नाही. मला कळायला लागलं तेव्हा भोंगा बंद होता, आई खानावळ चालवत होती आणि बाबा भरदुपारी गुत्त्यावर असायचे. दादाचा बाप गेला. मला मिळालेलाच मुळी नंतरचा.

आणि रात्री. लाकडी जिन्यावर बाबांची पावलं ओळखू आली की दादा मला माळ्यावर चढवायचा आणि शिडी काढून घ्यायचा. खाली तो आणि आई. जो मार मी ऐकला, तो त्याने खाल्ला. सांगा, घर एक कसं?

फेलिटी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो प्रौढांना त्यांनी लहानपणाबद्दल विचारलं होतं: मारहाण झाली का, आईवर हात उगारला जायचा का, घरात कुणी दारुडं होतं का. असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त निघालं. असे सगळेच पितात असं नाही, आणि अनुवंशाचा वाटाही मोठा असतो. पण मी ते प्रश्न आम्हा दोघांना लावून पाहिले. आमची बेरीज सारखी येत नाही.

आता कोंडण्याचं. काका, हे कृपा करून कुणाला सांगू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊनच सोडवायची असते. आम्ही हा प्रयोग बाबांवर केलाय. चाळीतल्याच मोठ्या माणसांचा सल्ला होता. तिसऱ्या दिवशी बाबांना फिट आली. बाहेरून कडी धरून उभा होता दादा, सतरा वर्षांचा. बाबा वाचले. दादा त्या कडीबद्दल शुद्धीत असताना कधी बोलला नाही. त्यानंतर तो दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, एकदा तर चौदा महिने कोरडा होता. (तुम्ही 'केंद्रात टाकायचं' असं लिहिता. टाकायला तो पोतं नाही.)

पिऊन आला की त्याचं एकच वाक्य: 'तू तर वर होतीस.' ते ऐकलं की मी पर्स उघडायचे. कधी पाचशे, कधी वहिनीच्या औषधाच्या नावाने दोन हजार. त्याच संध्याकाळी त्याची क्वार्टर व्हायची, हे मला ठाऊक असायचं. माळ्याचं भाडं म्हणा हवं तर. पुढे दादरला दारुड्यांच्या घरच्यांची मीटिंग भरते तिथे जायला लागले. तिथे पहिल्याच दिवशी सांगतात: हा आजार तुमच्यामुळे झाला नाही, तुमच्या ताब्यात राहणार नाही, तुमच्याने बरा होणार नाही. मला मधलं पटायलाच दीड वर्ष लागलं. मग पैसे थांबवले. त्या दिवशी बोलणं थांबवलं ते त्याने, मी नाही. वहिनीचं औषध आता मी केमिस्टकडे परस्पर भरते. पुतणीची फीही. याला तुम्ही 'वाऱ्यावर सोडणं' म्हणालात, ते मात्र लागलं.

चव्हाट्याचा मुद्दा मला मान्य आहे, अर्धा. माझी गोष्ट सांगताना त्याची सांगितली जाते आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. लेखात मी त्याला दोनदा 'बेवडा' म्हटलं होतं. चाळीत बाबांना हाक मारायचे तोच शब्द. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो दोन्ही ठिकाणी काढलाय. माळ्याची आणि शिडीची हकीकत मूळ लेखात नव्हती, ती वहिनीला वाचून दाखवून, तिला विचारून इथे लिहिली आहे. ती म्हणाली, 'शिडी अजून आहे. त्यांनी टाकू दिली नाही.'