आधी ती २१ हजारांची अट बदला

कोथरूडमध्ये चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंना आज लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की झालं. याच बाईंना ६५ पूर्ण झाली की ते पैसे बंद होतात, आणि त्यांनी वृद्धांच्या पेन्शनसाठी श्रावणबाळ योजनेत अर्ज करायचा असतो. रक्कम तीच, १,५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाखांवरून थेट वर्षाला २१,००० वर येते. गुडघे बोलायला लागले, चारातली दोन कामं सुटली, औषधांचा खर्च वाढला, आणि नेमक्या त्याच वयात सरकारच्या लेखी बाई गरीब उरत नाहीत.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयांच्या आत. आणि हे उत्पन्न एकट्या माणसाचं धरलेलं नाही, कुटुंबाचं आहे. दांडेकर पुलाच्या वस्तीत दहा बाय दहाची खोलीसुद्धा वर्षाला २१ हजारांत भाड्यानं मिळत नाही. कंपनीतून निवृत्त झालेल्या कामगाराला ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून येणारी, पेन्शन महिन्याला १,८०० येत असेल तर वर्षाचे होतात २१,६००. सहाशे रुपयांनी तो अपात्र.

ही अट अक्षरशः पाळली तर पुण्यात जिवंत असलेला जवळपास कुणीच पात्र ठरणार नाही. तरीही लाभार्थी आहेत, कारण सगळे मिळून कागदावर २१ हजार लिहितात. अर्जदाराला माहीत असतं, दाखला देणाऱ्याला माहीत असतं. यात मार खातो तो सरळ माणूस. विचारल्यावर खरं सांगून ‘वर्षाला चाळीस हजार होतात’ म्हणणाऱ्या आजोबांचा अर्ज तिथंच संपतो. ज्याच्या मागे बोलणारा कार्यकर्ता किंवा पैसे घेणारा एजंट आहे, त्याचा दाखला बरोबर २१ हजारांच्या आत निघतो. खोटं बोलायला लावणारी अट गरजूला शोधत नाही, ओळख असलेल्याला शोधते. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

बाकीच्या मर्यादा शेजारी ठेवून बघा. शहरात रेशनच्या प्राधान्य यादीसाठी ५९,०००. धर्मादाय रुग्णालयात मोफत उपचारांसाठी १,८०,०००. म्हाताऱ्यांना चष्मा-वॉकरसाठी पैसे देणाऱ्या मुख्यमंत्री वयोश्रीसाठी २ लाख. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख. आणि ज्यावर म्हाताऱ्या माणसाचा महिना चालायचा, त्या पेन्शनला २१ हजार. एकाच आजीचं गरीब असणं प्रत्येक खिडकीवर वेगळ्या मापानं मोजलं जातं, आणि सगळ्यात कडक माप सगळ्यात गरजेच्या ठिकाणी लावलं जातं.

आता, अट बदलेपर्यंत जे बसतात त्यांचे अर्ज तरी नीट जावेत म्हणून तपशिलात लिहितो.

आधी योजना कोणती ते ठरवा. ६५ च्या आत असाल आणि विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, गंभीर आजारी किंवा निराधार असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ पूर्ण असतील तर श्रावणबाळ. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यातला काही वाटा केंद्राच्या इंदिरा गांधी योजनेतून येतो. ती वाटणी कार्यालय करतं, तुम्ही त्यात डोकं घालायची गरज नाही. संजय गांधीत दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. मदतही ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० झाली आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते पहिल्यांदा जोडा. (राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण ६० वर्षांच्या माणसाला ज्येष्ठ मानतं, पेन्शन मात्र ६५ ला. मधली पाच वर्षं वॉचमनची नोकरी सुटलेल्या माणसानं काय करायचं, याचं उत्तर या योजनांमध्ये नाही.)

कागद लागतात ते असे: आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, फोटो. विधवा असतील तर पतीच्या मृत्यूचा दाखला. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत, किंवा सेतू आणि महा ई-सेवा केंद्रातून.

अडतं कुठे, तर सगळ्यात जास्त रेशनकार्डावर. चौकशीला आलेला माणूस पहिल्यांदा रेशनकार्ड बघतो. त्यावर कमावता मुलगा आणि सून असतील तर त्यांचं उत्पन्न धरलं जातं, मग ते दोघं प्रत्यक्षात चाकणला राहत असले आणि दिवाळीलाच येत असले तरी. म्हातारा-म्हातारी खरोखर वेगळी राहत असतील तर आधी परिमंडळ कार्यालयात जाऊन रेशनकार्ड विभक्त करून घ्या, मग उत्पन्नाचा दाखला काढा, आणि मगच पेन्शनचा अर्ज करा. हा क्रम उलटा झाला की दाखल्यावर एक कुटुंब आणि कार्डावर दुसरं, असं होतं आणि फाईल त्रुटीत जाते. खोटं वेगळं होऊ नका. गृहचौकशीत एकच चूल दिसली तर पुढचे सगळे अर्ज संशयानं बघितले जातात.

दुसरी अडचण वयाची. जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख बऱ्याचदा १ जानेवारी असते, वर्ष अंदाजानं घातलेलं. मतदार ओळखपत्रावर तिसरंच वय. दोन-तीन वर्षांचा फरक ६५ च्या काठावर असलेल्या माणसाला बाहेर बसवतो. शाळा सोडल्याचा दाखला मिळत असेल तर गावाकडच्या शाळेतून तो मागवा. शाळाच झालेली नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला घ्यावा लागतो. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून घाईनं कुठल्याही केंद्रावर बदल करू नका. ज्या कागदावर शेवटपर्यंत उभं राहता येईल, तोच कागद पुढे करा.

नावाचंही तसंच. पासबुकावर ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, रेशनकार्डावर माहेरचं नाव. माणसाला हा फरक किरकोळ वाटतो, संगणकाला वाटत नाही. अर्जाआधी आधार, पासबुक आणि रेशनकार्ड असे तीन कागद शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी स्वघोषणापत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्पपेपर आणा असं कुणी सांगितलं तर कुठल्या नियमानं ते लेखी मागा. हा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो, म्हणजे मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मुदत उलटली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. अपिलासाठी लागतो टोकन क्रमांक. म्हणून ‘अर्ज टाकलाय, होऊन जाईल’ यावर घरी येऊ नका, क्रमांक असलेली पावती हातात घ्या. केंद्रावर दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, त्याहून एक रुपया जास्त देऊ नका. ‘साहेबांचे वेगळे’ म्हणणाऱ्याला तर नाहीच.

कागद पूर्ण झाले तरी मंजुरी समितीच्या बैठकीत होते. बैठक लांबली की महिने जातात. एवढंच करता येतं की अर्ज कुठल्या बैठकीसमोर ठेवला जाणार आहे हे शाखेत विचारून लिहून ठेवायचं, आणि त्रुटी काढली असेल तर ती लेखी घ्यायची. तोंडी सांगितलेली त्रुटी पुढच्या खेपेला बदलते.

मंजुरीनंतर पैसे का येत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा बँकेत असतं. आता रक्कम थेट आधारवर जाते, पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणून त्या खात्यात जात नाही. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि सरकारी अनुदानासाठी ते खातं आधारशी सीड केलेलं असणं, म्हणजे अनुदान त्याच खात्यात यावं अशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंग एका वेळी एकाच खात्याचं असतं, आणि ज्याचं शेवटचं झालं त्यात पैसे पडतात. कधीतरी मोबाईलच्या दुकानात अंगठा देऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं आजींच्या लक्षातही नसतं, आणि सहा महिन्यांचं अनुदान तिथं साठलेलं असतं. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की कोणती बँक आहे ते कळतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज भरायचा आणि पोच घ्यायची. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, ते आधी केवायसी करून सुरू करून घ्या. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला आणि पडताळणी चुकवू नका. चालू असलेली पेन्शन अचानक बंद पडली तर पहिली शंका याचीच घ्या.

अंगठा न उठणं हा म्हाताऱ्यांचा कायमचा त्रास. आयुष्यभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. रेशन दुकान असो की बँक, अंगठा नाकारला की डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन किंवा चेहऱ्यानं पडताळणी मागा. ‘अंगठा उठत नाही, पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर स्वीकारायचं नाही.

दवाखान्याच्या बाबतीत पुण्यात मार्ग बरेच आहेत, पण लोक ते डिस्चार्जच्या दिवशी शोधतात, आणि तिथंच हुकतं. दाखल होतानाच विचारा. ७० किंवा त्याहून जास्त वय असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. उत्पन्नाचा दाखला लागतच नाही, म्हणून दुखणं येण्याआधीच काढून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डावर चालते, पण फक्त यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयात. १५५३८८ वर फोन करून आपला आजार बसतो का ते आधी विचारा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. त्यात बसत नसेल आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (उत्पन्न १,८०,००० च्या आत) आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात (३,६०,००० च्या आत) राखीव असतात. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही, हे धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेतच लिहिलेलं आहे. ‘खाटा भरल्यात’ असं सांगितलं तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार करा. बिल भरून झाल्यावर सवलत मागायला गेलात तर हाती फारसं लागत नाही.

महापालिकेची शहरी गरीब योजना यानंतर. बिलाचा अर्धा भाग, १ लाखापर्यंत, आणि कर्करोग, हृदय, मूत्रपिंडासारख्या आजारांत २ लाखांपर्यंत. कार्ड दरवर्षी नव्यानं काढावं लागतं, रुग्णालय पालिकेच्या यादीतलं हवं, आणि रुग्ण पुणे महापालिकेच्या हद्दीतला हवा. पिंपरी-चिंचवडच्या लोकांसाठी हे नाही.

मुख्यमंत्री वयोश्रीचे ३,००० रुपये एकदाच मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांसाठी. वस्तू घेतल्याची पावती ३० दिवसांत द्यावी लागते. विचारणा विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे.

घराबद्दल लिहायलाच हवं. पुण्यात फ्लॅट मुलाच्या नावावर केला आणि नंतर आई-वडिलांना बाहेर काढलं, हे फार होतं. आई-वडील आणि ज्येष्ठांच्या चरितार्थासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, दरमहा १०,००० पर्यंत चरितार्थ मिळू शकतो, आणि कलम २३ खाली केलेलं बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. मात्र त्यासाठी ‘सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहे’ हे बक्षीसपत्रातच लिहिलेलं असलं तर बाजू भक्कम राहते. नोंदणीच्या दिवशी ते एक वाक्य घालायला संकोच करू नका. घरात मारहाण किंवा उपासमार होत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

हे सगळं एका माणसाला समजावून सांगणारी एकही खिडकी शहरात नाही. तहसील पेन्शनचं सांगतं, परिमंडळ रेशनचं, पालिका कार्डाचं, समाजकल्याण वयोश्रीचं. महापालिकेच्या १५ क्षेत्रीय कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस एक समाजसेवक आणि एक संगणक बसवला तरी निम्म्या चकरा वाचतील. जागा आहे, माणसं आहेत, आदेश नाही.

२१ हजारांची मर्यादा कुठल्या कायद्यात कोरलेली नाही, ती सामाजिक न्याय विभागाच्या शासन निर्णयातली आहे, म्हणजे नव्या शासन निर्णयानं बदलता येते. मागणी सोपी आहे: निदान शहरी भागात रेशनची ५९ हजारांची मर्यादा पेन्शनलाही लावा. आणि लाडक्या बहिणीतून वयामुळे बाहेर पडणाऱ्या महिलेला नव्यानं उत्पन्नाचा दाखला न मागता श्रावणबाळमध्ये वर्ग करा. तिचं आधार, खातं, उत्पन्न सगळं सरकारकडे आधीच आहे. पुणे शहरात आठ आमदार आहेत. पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला या दोन मागण्या लेखी द्या, त्यावर आवक क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक खाली कॉमेंटमध्ये टाका. एकाच मागणीचे किती अर्ज कुणाकडे गेलेत हे सगळ्यांना दिसू दे.