कोकणातल्या जुन्या पुलांचं दप्तर कुणाकडे आहे?

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल आपण बोलतो ते खड्ड्यांवरून आणि रखडलेल्या चौपदरीकरणावरून. बोलायलाच हवं. पण या कामात आणखी एक गोष्ट आपल्या हातून निसटते आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय. या रस्त्यावरचे जुने पूल.

कोकणात रस्ता करायचा म्हणजे आधी पूल बांधायचे. रस्ता उत्तर-दक्षिण जाणारा आणि नद्या सगळ्या सह्याद्रीतून उतरून पश्चिमेला धावणाऱ्या. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बावनदी, काजळी, मुचकुंदी, अर्जुना. प्रत्येक नदी रस्त्याला आडवी. पूल होण्याआधी मुंबई गाठायची ती दाभोळ, जयगड, विजयदुर्गच्या बंदरातून बोटीने, आणि पावसाळा लागला की बोटीही बंद. आमची आजी सांगायची, आगोटीच्या आत मुंबईहून जे आलं ते आलं, मग निरोपसुद्धा पोचायचा नाही. मोटारी धावू लागल्या आणि नद्यांवर पूल झाले, तेव्हा कुठे कोकण बारमाही मुंबईला जोडलं गेलं. चाकरमान्यांचं आजचं येणं-जाणं त्या पुलांमुळे शक्य झालं.

त्यातला महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८चा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तो पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक खासगी गाडी अंधारात थेट नदीत गेल्या. काही जणांचे मृतदेह आजतागायत मिळाले नाहीत. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आलं आणि त्याने गाड्या थांबवल्या, नाहीतर आकडा कुठे गेला असता याचा विचारही करवत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि धोका नाही असा निर्वाळा मिळाला होता.

पुढे अवघ्या १६५ दिवसांत तिथे नवा पूल उभा राहिला. त्या कामाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण जुन्या पुलाचं काय? त्याचा पाया किती खोल होता, कुठल्या खांबाची डागडुजी कधी झाली, ८८ वर्षांत पाणी किती वेळा कमानीच्या माथ्यापर्यंत चढलं, हे सगळं एका वहीत, एका जागी, कुणालाही पाहता येईल असं असायला हवं होतं. पुलाचा इतिहास म्हणतो तो मी याला. फीत कुणी कापली हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग.

सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९चा. पाऊस वाढला की सांगलीत घराघरांत एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती फूट झालं? ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे. का? कारण इतकी वर्षं लोक त्याच पुलावर, त्याच फुटांत पाणी मोजत आलेत. उद्या नदीवर कितीही नवे पूल होवोत, ती मोजपट्टी हलवून चालणार नाही. कोकणातल्या प्रत्येक जुन्या पुलाच्या खांबावर नदीचा असाच हिशेब आहे. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं, जुन्या वाशिष्ठी पुलाची वाहतूक बंद पडली, तेव्हा या हिशेबाची गरज किती आहे ते आपण पाहिलं.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीच्या काठाने १९१३ ते १९२२च्या दरम्यान एक रस्ता बांधला गेला, खास मोटारींसाठी. पूल, बोगदे, दगडी कठडे, सगळं मन लावून केलेलं. नंतर मोठा हमरस्ता आला आणि त्यांनीही आपल्यासारखंच केलं. एक बोगदा १९६६मध्ये उडवून दिला, मोझियर गावाजवळचे जुळे बोगदे दगडमातीने बुजवून टाकले. मग मात्र लोक मागे लागले. मोझियरचे बोगदे उकरून २०००मध्ये चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी खुले झाले. उडवलेल्या बोगद्याच्या जागी तर आता नव्याने बोगदा खोदलाय. जे पाडलं ते पुन्हा उभं करायला किती पटीने खर्च येतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे प्रत्येक जुना पूल ठेवता येईल असं मी म्हणत नाही. काही पूल बुटके आहेत, पुरात त्यांच्या कमानींत ओंडके अडकतात, पाणी तुंबतं आणि गावात शिरतं. असा पूल पाडावाच लागेल. पण पाडण्याआधी त्याची मोजमापं घ्या, फोटो काढा, पूररेषा कुठे होती ते नोंदवा, वर्ष कोरलेला दगड काढून नव्या पुलाच्या तोंडाशी बसवा. आणि जो पूल तगेल असं इंजिनिअर सांगतील त्याच्यावरची वाहनं कायमची बंद करून तो माणसांना द्या. दगडांच्या सांध्यांत पिंपळाचं रोप दिसलं की मुळासकट काढा आणि सांध्यांतल्या फटी चुन्याने भरून घ्या. हे काम दर वर्षी करावं लागतं आणि त्याला फार मोठा निधी लागत नाही. आमच्याकडे रस्ता रुंद करताना मैलाचा एक जुना दगड जेसीबीने उचलून भरावात टाकलेला मी पाहिलाय. आकडे अजून वाचता येत होते. गावच्या देवळाजवळ नेऊन उभा करायला अर्धा तास लागला असता.

महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या मित्रांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात कुणी बांधकाम खात्यात होतं, मैलकुली म्हणजे रस्त्याच्या देखभालीवरचा मजूर होतं, एसटीत ड्रायव्हर-कंडक्टर होतं, पुलाच्या कामावर गवंडी होतं, तर त्यांच्याशी बोला आणि ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. गावातल्या जुन्या पुलाचे फोटो काढा, वरून काढाच पण खाली नदीत उतरूनही काढा. कमानी, खांब, कोरलेलं वर्ष आणि पाणी चढल्याच्या खुणा नीट दिसू द्या. पुलाचं, नदीचं आणि गावाचं नाव घालून इथे कॉमेंटमध्ये टाका. मी तालुकावार लावून ठेवतो आणि सगळ्यांना पाहता येईल अशा ठिकाणी चढवतो. पुढचा पावसाळा लागायच्या आत महाड ते राजापूर एवढा पट्टा झाला पाहिजे.