गाडी चार दिवस नुसती उभी नव्हती

नमस्कार सर,

तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. बुधवारी तुम्ही दोनदा फोन केलात आणि आम्ही उचलला नाही. ती चूक आमचीच आहे. गाडीशिवाय चार दिवस काढणं किती अवघड जातं, हे मला कळतं.

पण तुमच्या दुचाकीबद्दल अभिप्रायात तुम्ही लिहिलंय, "चार दिवस गाडी नुसती उभी करून ठेवली, काहीच काम केलं नाही आणि शेवटी एक बोल्ट आवळून परत दिली. तिसऱ्याच दिवशी पुन्हा तेच." एक स्टार दिलात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'नुसती उभी' हे दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील, सांगता येत नाही. तुमच्या गाडीसाठी त्या चार दिवसांत उभं राहणं हेच काम होतं, आणि ते मी तुम्हाला तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं.

सोमवारी दुपारी तुम्ही गाडी चालवत आणलीत. इंजिन गरम होतं. तक्रार एवढीच होती की सकाळी कधी कधी सुरू होत नाही. तुमच्यासमोर बटण दाबलं, पहिल्या झटक्यात सुरू झाली. तुम्ही गेल्यावर आणखी आठ-दहा वेळा बंद-चालू करून पाहिली, एकदाही अडली नाही. बॅटरी मोजली, 12.6 व्होल्ट. इंजिन चालू असताना चार्जिंग 14.1. प्लग काढून बघितला, रंग तपकिरी, गॅप 0.7 मिलीमीटर, जसा हवा तसाच. एअर फिल्टर साफ. बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगचा बोल्ट (बॅटरीच्या मायनसची वायर इंजिनाला जोडणारा), दोन्हींना पाना लावून पाहिला, घट्ट होते. म्हणजे सोमवारी संध्याकाळी माझ्यासमोर एक पूर्ण निरोगी गाडी उभी होती.

त्याच वेळी मी प्लग, कॉइल, बॅटरी असं सगळं अंदाजाने बदलून तासाभरात गाडी तुमच्या हातात देऊ शकलो असतो. गरम इंजिनावर ती सुरू झालीच असती आणि तुम्ही खूश होऊन गेला असता. असं काम मी करत नाही. बिघाड डोळ्यांनी दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या गाडीचा पार्ट बदलायचा नाही, हे मी पहिल्यापासून पाळत आलोय.

आता गार इंजिनाची चाचणी दिवसातून एकदाच होते, सर. एकदा सुरू झालं की तेल पातळ होतं, सेल्फवरचा, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरवरचा, भार कमी होतो, आणि पुन्हा तशीच परिस्थिती यायला अख्खी रात्र जावी लागते. तुम्ही ज्याला चार दिवस म्हणता, ते माझ्यासाठी बटणावर अंगठा ठेवायचे चार प्रसंग होते. मंगळवारी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू. बुधवारी सकाळीही सुरू. बुधवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः आलात, आमच्या कामावरच्या मुलाला न विचारता बटण दाबलंत, गाडी लगेच सुरू झाली आणि तुम्ही म्हणालात, "काही झालेलंच नाही गाडीला, उगाच ठेवली." आज त्याच गाडीबद्दल 'काही काम केलं नाही' असं वाचताना मला ते आठवतं.

गुरुवारी सकाळी ती अडली. सेल्फ जड, ओढून-ओढून फिरला आणि इंजिनाने पकडलंच नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. मीटर तयारच ठेवला होता. सेल्फ फिरताना बॅटरीच्या दोन टोकांवर 10.9 व्होल्ट, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा बटण दाबलं. तिथे जेमतेम 0.2 व्होल्ट दिसायला हवेत. दिसले 2 च्या वर. स्टार्टरला मिळायचे व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. अर्थिंगच्या त्याच बोल्टवरून इग्निशनची, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागाची, अर्थिंग घेतलेली असल्यामुळे प्लगचा करंटही कमी पडत होता. गार तेलात सेल्फला जास्त जोर लागतो, म्हणून हे सकाळीच घडायचं. ज्या दिवशी संपर्क जरा बरा असेल त्या दिवशी घडायचंही नाही.

बोल्ट काढला. तो शेवटपर्यंत घट्टच होता, त्यामुळे 'आवळून दिला' हेही बरोबर नाही. वायरच्या टोकाचं कडं आणि इंजिन यांच्यामध्ये पांढरट हिरवा थर साचला होता, नखाने खरवडला तर पावडर पडत होती. कडं कापून नवीन बसवलं, खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट बसवल्यावर वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर 0.1 व्होल्ट. तरी गुरुवारी तुम्हाला बोलावलं नाही, कारण शुक्रवारच्या गार सकाळी ती सुरू झालेली मला स्वतःला बघायची होती. झाली, आणि सेल्फ आधीपेक्षा कितीतरी जोरात फिरला.

शुक्रवारी निघताना तुम्ही सहज बोललात, "तशी किक मारली की सकाळीपण लगेच व्हायची." सर, हे वाक्य सोमवारी कानावर पडलं असतं तर आम्ही थेट बॅटरी ते स्टार्टर याच वाटेवर गेलो असतो आणि कदाचित दोन दिवस वाचले असते. किकने लगेच होते आणि सेल्फने होत नाही, एवढ्यानेच पेट्रोलच्या बाजूचा संशय बराचसा मिटतो. तुम्ही लपवलंत असं मी म्हणत नाही. विचारायचं काम आमचं होतं, आम्ही विचारलं नाही.

राहिला तिसरा दिवस. तुमचा सोमवारी सकाळी फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, सेल्फ जोरात फिरतोय पण पकडत नाही आणि पेट्रोलचा वास येतोय. हा तोच बिघाड नाही, सर. तेव्हा सेल्फ जड फिरत होता आणि वास नव्हता. दोन्ही वेळा 'गाडी सुरू होत नाही' असंच म्हटलं जातं, पण कारणं वेगळी. वास येतोय म्हणजे प्लग पेट्रोलने भिजलाय. चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, एवढं सांगेपर्यंत तुम्ही फोन ठेवलात. रागात होतात, मी समजू शकतो.

पण हे उत्तर लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती इथे सगळ्यांसमोर लिहितो. रात्री आमच्याकडे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीतून पेट्रोल सोडणारी तोटी, आम्ही बंद करतो. तुमचाही चारही रात्री बंद होता. कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई (पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करते ती) नीट बसत नसेल आणि घरी तुमचा कॉक चालूच राहत असेल, तर रात्रभर थेंब थेंब पेट्रोल पुढे जाऊन सकाळी गाडी ओव्हरफ्लो होते. ते आमच्याकडे दिसलंच नसतं. सुईच आहे की चोक ओढलेला राहिला, हे गाडी बघितल्याशिवाय ठरवणार नाही. पण गाडी घरी जशी उभी राहते तशीच आम्ही उभी करायला हवी होती, हे मान्य आहे.

तुमचा अभिप्राय आल्यापासून नवीन येणारा माणूस गाडीची तक्रार सांगायच्या आधी 'किती दिवस ठेवणार' असं विचारतो. गॅरेज माझं एकट्याचं नाही, हाताखाली दोन मुलं आहेत, त्यांचंही घर यावरच चालतं. म्हणून एवढं लांब लिहिलं. यापुढे गाडी मुक्कामी असली की संध्याकाळी आम्हीच फोन करू, आणि विचारायच्या प्रश्नांचंही काहीतरी नीट करतो.

गाडी परत घेऊन या, तपासणीचे पैसे घेणार नाही. पण सकाळी चालवत आणू नका, आदल्या संध्याकाळी लावून जा आणि कॉक रोज ठेवता तसाच राहू द्या. म्हणजे पुन्हा एक रात्र लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. सकाळी सात वाजता मी गॅरेजमध्ये असेन. जमलं तर तुम्हीही या, पहिल्यांदा बटण तुमच्यासमोर दाबू.